अंबड रस्त्याचा ताजमहाल

तुम्ही ताजमहाल पाहिलाय का हो? आग्र्याचा नाही म्हणत मी. तो मीही अजून पाहिलेला नाही. अंबड रस्त्याचा विचारतेय.

नसेल पाहिला तर आता शोधू नका, ती बाग कधीच मोडली. पण एका रविवारी मी तो ताजमहाल शोधायला गेले आणि असा घोळ घालून आले, की माहेरच्या लग्नकार्यात बायका अजून मला बघून तोंडाला पदर लावतात. काय सांगू आणि कुठून सुरू करू! चहा आहे ना अजून? मग घ्या अर्धा कप आणि ऐका.

त्या वर्षी आमच्या जालन्यातल्या एका हौशी व्यापाऱ्याच्या मनात आलं, की आपल्या लोकांना जग दाखवावं. आता एवढ्या लोकांना विमानात बसवणं काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं जगच जालन्याला आणलं. अंबड रस्त्याला त्याचं चार एकर रान होतं. त्यात त्यानं देशोदेशीच्या नामांकित इमारती छोट्या करून मांडल्या. पॅरिसचा लोखंडी मनोरा होता, दोन पुरुष उंच. तो आमच्याच इथल्या गेटं-खिडक्या करणाऱ्या वेल्डरनं जोडला होता, त्यामुळे त्याला खालच्या अंगाला एक कडीकोयंडाही होता. इटलीचा कलता मनोरा ठरल्यापेक्षा जरा जास्तच कलला, म्हणून त्याला तारेनं लिंबाच्या झाडाला बांधलं होतं. पिरॅमिडवरून पोरं घसरगुंडी खेळत. अमेरिकेच्या त्या मशालवाल्या बाईच्या कपाळाला कोणीतरी भक्तिभावानं हळदीकुंकू लावून गेलं होतं. आणि चीनची भिंत? ती म्हणजे बागेचं कंपाउंडच! त्यावर नुसतं 'चीन' असं लिहिलं होतं.

तर अशा या जगात मी काय करत होते? मी भाची दाखवायला गेले होते.

माझा भाऊ हसनाबादला असतो, शेती करतो. सुनंदा ही त्याची थोरली. पोरगी हुशार, आमच्याकडे जालन्याला राहून डी.एड. करत होती. दादाला तिच्या लग्नाची घाई. तोवर दोन ठिकाणचे लोक हसनाबादला येऊन तिला बघून गेले होते आणि दोन्हीकडून एकच निरोप आला होता: मुलगी बरी आहे, पण घुमी आहे. बोलत नाही, हसत नाही. अहो, दहा माणसं समोर पाय पसरून बसली आणि 'चालून दाखव, लिहून दाखव' म्हणाली, तर हसू कोणाला येईल? पण गावाला कोण समजावणार! आणखी एक नकार आला तर शिक्षण सोडवून मिळेल त्या घरी देऊन टाकतो, असं दादा म्हणून बसला. आणि तो म्हणेल ते करणारा माणूस आहे.

सुनंदा मला एवढंच म्हणाली, "आत्या, लग्नाला माझी ना न्हाई. पण कोर्स पुरा करू देणारं घर बघ."

मग मी शेजारच्या कावेरीबाईंना गाठलं. लग्न जुळवण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नव्हतं. त्यांनी आठ दिवसांत स्थळ काढलं. मुलगा बियाण्याच्या कंपनीत नोकरीला, निर्व्यसनी, घरची माणसं मुलीला शिकू देणारी. फक्त मुलाची आई भारी मानी.

"हे बघा शकूताई," कावेरीबाई खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "त्यांना घरी येऊन पोहे खाणं पसंत न्हाई. बाहेर कुठंतरी सहज गाठ पडली पाहिजे. पोरगी आवडली तर बराबर निरोप येईल. न्हाई आवडली तर कोणाला पत्ता लागायचा न्हाई. तुमच्या पोरीचं नावबी खराब व्हायचं न्हाई."

"मंग कुठं गाठ पाडायची?"

"ती नवी बाग झाली न्हाई का? रविवारी अकरा वाजता, ताजमहालापाशी. पण एक ध्यानात ठेवा. स्थळाचा विषय बिलकुल काढायचा न्हाई. तुम्ही सहज फिरायला आल्या, ते सहज फिरायला आले. जुनी वळख असल्यासारखं चार शब्द बोलायचे. मुलाची आई तर असं दाखवंल, का तुम्हाला जन्मात पाह्यलंच न्हाई!"

"आन् मी त्यांना वळखायचं कसं?"

"आई अंगानं भरलेली. मुलगा उंच, चष्मा हाय. आन् आईच्या हातात पिवळी पिशवी असंल, बियाण्याच्या कंपनीची."

"तुम्हीच चला ना सोबत."

"मी? मी तिथं दिसले का बागेतल्या माळ्यालाबी कळंल काय चालू हाय ते!"

आता मला सांगा, जालन्यात बियाण्याची पिशवी ही काय खूण झाली? ज्या गावात दर दुसऱ्या घरातून तीच पिशवी भाजीला जाते, तीच दळणाला जाते आणि तीच एसटीत सीट धरायला खिडकीतून आत पडते? हे म्हणजे लग्नात 'फेटा बांधलेला माणूस शोधा' म्हणण्यासारखं. पण तेव्हा मला ते सुचलं का? मी आपली मान डोलावली.

रविवारी पहाटे उठून मी धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, दही डब्यात भरलं. निघताना सुनंदाला बजावलं, "हे धपाटे तू केलेत बरं का."

"खोटं काहून बोलायचं, आत्या?"

"खोटं कुठं? मीठ तूच आणून दिलंस ना?"

आमचे हे पेपरमागून म्हणाले, "सोयरीक जुळवायला ताजमहाल? ती कबर आहे, माहीत आहे ना?"

"तुम्ही गप पेपर वाचा," म्हणून मी रिक्षा बोलावली.

बागेच्या दारातून आत गेलं की लगेच डाव्या हाताला पांढराशुभ्र घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार. मला तर भरून आलं. केवढं सोपं काम! घड्याळात अकराला दहा कमी होते.

सुनंदा थबकली. "आत्या, हा तर मकबरा दिसून राह्यला. औरंगाबादचा. शाळेच्या सहलीत पाह्यलाय मी."

"वेडी का काय तू! जगाच्या बागेत औरंगाबाद काहून ठेवतील? दीड तासाच्या एसटीवर तर हाय ते."

"पाटी वाच की मंग."

पाटी होती. समोरच रोवलेली होती. पण तिच्यावर कोणीतरी लेकराचं झबलं आणि दोन लंगोट वाळत घातले होते. आता परक्याच्या लेकराचे ओले लंगोट उचलून पाटी वाचायची, हे मला काही बरं वाटलं नाही. त्या दिवशी तेवढा एक लंगोट मी बोटानं बाजूला सारला असता, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काहीच नसतं!

आणि वाचायची गरज तरी काय होती? घुमटाच्या सावलीत चादर अंथरून एक बाई बसल्या होत्या. अंगानं भरलेल्या. शेजारी उंच मुलगा, डोळ्यांवर चष्मा. आणि बाईंच्या मांडीशी पिवळी पिशवी!

मी सुनंदाची ओढणी सारखी केली आणि ठरल्याप्रमाणे, अगदी सहज, पुढं झाले.

"अगं बाई! तुम्ही इथं?"

बाईंनी दोन क्षण माझ्याकडे नुसतं पाहिलं. चेहरा कोरा. मग एकदम तोंडभर हसल्या. "अगं माय! तुम्ही व्हय! या ना, या, बसा! किती दिवसांनी!"

आता इथं तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. आमच्याकडे समोरच्यानं ओळख दाखवली, की 'मी न्हाई वळखलं' म्हणायची पद्धत नाही. ते म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मग इकडचं तिकडचं बोलत ही कोणाची कोण ते हळूच काढून घ्यायचं. त्या बिचाऱ्या तेच करत होत्या. आणि मी? मी मनात म्हणत होते, काय नाटक वठवतेय ही बाई! कावेरीबाई म्हणाल्या ते खोटं नाही.

"घरचे समदे बरे?" त्यांनी विचारलं.

"बरे हायत."

"आन् ते... आपले ते... त्यांचं पायाचं दुखणं?"

कोणाचा पाय? कसलं दुखणं? मी म्हटलं, असेल त्यांच्याकडची बोलायची रीत. "आता बरंच कमी हाय," मी म्हणाले.

"चांगलं झालं. लई काळजी लागली होती. आन् ही?"

"ही सुनंदा. माझ्या भावाची, हसनाबादची."

"अगं माय! केवढी मोठी झाली! एवढीशी होती!" आणि त्यांनी हात जमिनीपासून वीतभर वर धरला.

मला टाळी वाजवावीशी वाटली. म्हटलं, अशी हुशार सासू मिळायला भाग्य लागतं.

मी डबा उघडला. "सुनंदानं केलेत धपाटे." सुनंदा जमिनीकडे बघायला लागली. मुलानं एक घेतला, मग दुसरा, मग दही वाढून घेतलं, मग मोजणं मी सोडून दिलं. माझा जीव सुपाएवढा झाला. विषय काढायचा नव्हता, पण काहीतरी विचारायला हवं होतं.

"नोकरी कशी काय?" मी मुलाला विचारलं.

"चालू हाय. पाळ्या बदलत राहतात. रविवार लई मुश्किलीनं मिळतो."

बियाण्याच्या कंपनीत पाळ्या? असतील बाई, मला त्यातलं काय कळतं.

मग मी मोठ्या चतुराईनं म्हटलं, "सुनंदा, तो पिरॅमिड जवळून पाह्यला का? जा, पाहून ये. तुम्हीबी जा ना सोबत, दाखवा तिला."

मुलानं आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. पाहुणी म्हणतेय म्हटल्यावर काय करणार? "जा रं," म्हणाल्या. दोघं गेले. आता आम्ही दोघीच.

मी आवाज खाली आणला. "सुनंदा डी.एड. करतेय. तिचं एवढंच म्हणणं हाय, कोर्स पुरा व्हावा."

"व्हायलाच पाहिजे. पोरींनी शिकलंच पाहिजे."

"मंग तुमची हरकत न्हाई?"

"माझी? माझी कशाची हरकत, माय!"

मी मनातल्या मनात नारळ फोडला. दादा, जिंकलं आपण!

"तुमच्याकडून कॉलेज लांब तर पडायचं न्हाई ना?"

बाईंचा घास थांबला. "आमच्याकडून?"

"म्हंजी जायला-यायला. रोजचंच हाय ना ते."

त्यांनी पिवळी पिशवी जरा जवळ ओढली. "ताई, आमची जागा लई लहान हाय हो."

"जागेचं काय घेऊन बसलात! मन मोठं पाहिजे."

"दोनच खोल्या. आन् एवढी माणसं."

"आमची पोरगी एका कोपऱ्यात राहील. तिचा आवाजबी यायचा न्हाई तुम्हाला."

"न्हाई, तसं न्हाई... पोरगी गुणाची दिसते... बरं, किती दिवस राह्यची म्हणता?"

मला हसूच आलं. काय ही थट्टा! "किती दिवस काय विचारता? जन्मभर!"

"जन्मभर?"

"मंग काय तर! आता पोरगी तुमची. दिवाळीला चार दिवस आम्ही नेऊ, तेबी तुम्ही पाठवलं तर."

त्या बाईंचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. हातात अर्धा धपाटा, तोंड उघडं, आणि नजर दूर कुठंतरी चीनच्या भिंतीकडे लागलेली. मला वाटलं, आनंदानं बोलणं सुचत नाही बिचारीला.

तेवढ्यात दोघं पिरॅमिडकडून परत आले. सुनंदाचं तोंड लालबुंद, ओढणी तोंडाशी घट्ट धरलेली, खांदे हलतायत. लाजली! घुमी म्हणे माझी पोरगी! या म्हणावं त्या दोन्ही स्थळांनी आता बघायला.

"आत्या, जरा इकडं ये."

"नंतर."

"आत्या, जल्दी ये ना."

"थोरली माणसं बोलून राह्यली ना?" मी डोळे वटारले. तिनं मला चिमटा काढला. मी तिला काढला.

तिकडे पिरॅमिडपाशी काय झालं होतं, ते तिनं मला नंतर सांगितलं. त्या मुलानं आधी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं होतं, "ताई, खरंखरं सांगा, तुम्ही आमच्या कोण लागता? माय मघापासून आठवून राह्यली, तिला काही आठवंना. तुम्ही दाभाडीच्या का?"

पण हे मला कळायच्या आत पाण्याच्या नळाकडून एक तरुण बाई आली. कडेवर नुकतंच धुतलेलं, उघडंबंब लेकरू. ती सरळ आमच्या चादरीपाशी आली आणि त्या चष्मेवाल्या मुलाला म्हणाली, "अहो, झबलं वाळलं का पाहा ना!"

मुलगा उठला. पाटीपाशी गेला. झबलं काढलं, एक लंगोट काढला, दुसरा काढला.

पाटीवर लिहिलं होतं: 'बीबी का मकबरा, औरंगाबाद'.

मी मॅट्रिक झालेली बाई आहे, मला वाचता येतं. तरी ती पाटी मी तीनदा वाचली. आणि तिसऱ्यांदा वाचताना ते 'अहो' माझ्या डोक्यात शिरलं.

"ह्या कोण?" त्या तरुण बाईनं सासूला विचारलं.

सासूबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "आपल्या पाव्हण्या हायत. ह्यांची पोरगी आपल्याकडं राह्यला येऊन राह्यली."

"किती दिवस?"

"जन्मभर म्हणतात."

त्या तरुण बाईनं आधी सुनंदाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. नवरा हातात झबलं धरून उभा. मग तिनं शांतपणे लेकरू माझ्या हातात दिलं. "हे धरा जरा."

भांडायला दोन्ही हात मोकळे लागतात ना!

पण सुनंदा मध्ये पडली. ज्या पोरीच्या तोंडातून शब्द फुटत नाही म्हणत, ती घडाघडा बोलली. बघायचा कार्यक्रम, अकरा वाजता, ताजमहाल, चष्मा, पिवळी पिशवी, सगळं एका दमात! मध्येच हसत होती, पोट धरत होती, पुन्हा बोलत होती. मी मकबऱ्याकडे तोंड करून उभी. कबरीत जागा मिळाली असती तर तिथंच पडले असते.

सासूबाईंनी माझा हात धरला. "म्हंजी तुम्ही आमच्या कोणीच न्हाईत?"

"कोणीच न्हाई हो."

"दाभाडीच्याबी न्हाईत?"

"दाभाडी मी पाह्यलीबी न्हाई."

"देव पावला, माय!" त्यांनी आकाशाकडे हात जोडले. "अहो, मंग उभ्या काय राह्यल्या? तुमचा ताजमहाल तिकडं हाय, त्या लोखंडी मनोऱ्याच्या मागं! पळा!"

घड्याळात बघते तर सव्वाबारा! त्या मानी बाई सव्वा तास वाट बघतायत! दादा, कोर्स, तिसरा नकार, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं आणि मी धावत सुटले. पॅरिसला वळसा घातला, लिंबाला बांधलेल्या मनोऱ्याच्या तारेखालून वाकून गेले, मशालवाल्या बाईच्या पायाशी ठेचकाळले. मागून आरडाओरडा ऐकू येत होता, पण मला वाटलं, माझ्या नावानंच असणार, दुसरं काय!

मनोऱ्याच्या मागं आणखी एक पांढरा घुमट. आणखी चार मिनार. आणि त्याच्यासमोर अंगानं भरलेल्या एक बाई, शेजारी उंच, चष्मेवाला मुलगा. बाई नुकत्याच चपला पायात सरकवत होत्या. हातात पिवळी पिशवी, मघाच्यासारखीच.

मी धापा टाकत समोर उभी राहिले. "अगं बाई, तुम्ही इथं?"

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कोण तुम्ही? आम्ही न्हाई वळखलं."

अगदी ठरल्याप्रमाणे बोलल्या त्या. चूक त्यांची काहीच नव्हती. पण माझा आता कोणाच्याच नाटकावर विश्वास उरला नव्हता.

"बाई, आधी एक खरं सांगा. तुम्ही मला खरंच वळखत न्हाई, का वळखत न्हाई असं दाखवून राह्यल्या?"

"काय?"

"हा तुमचाच मुलगा ना?"

"माझाच हाय. काहून?"

"ह्याचं लग्न झालेलं न्हाई ना?"

बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. "काय बोलून राह्यल्या तुम्ही?"

"राग मानू नका. पण आधी सांगा. लेकरू-बाळ काही? कोणी नळावर-बिळावर तर गेलेलं न्हाई?"

"लेकरू?" बाई कडाडल्या. "लेकरू तर तुमच्याच कडेवर हाय!"

मी खाली बघितलं. खरंच होतं! मघाचंच लेकरू, उघडंबंब, माझं मंगळसूत्र चघळत मजेत बसलेलं. आणि मी बघतेय म्हटल्यावर त्यानं माझ्या नव्या साडीवर आपली सहीसुद्धा केली.

तेवढ्यात मागून सगळी वरात आली. पुढं लेकराची आई, "माझं लेकरू! लेकरू द्या!" करत. तिच्यामागं झबलं घेऊन नवरा, मागं सासूबाई, हातात माझा रिकामा डबा. आणि सगळ्यात शेवटी सुनंदा. तिला पळता येत नव्हतं, इतकी ती हसत होती. ती येऊन सरळ ताजमहालाच्या पायरीवर बसली.

लेकरू आईकडे गेलं. मघाच्या सासूबाई नव्या बाईंपाशी गेल्या, आपलीही पिवळी पिशवी तिथंच खाली टेकवली आणि दम खात म्हणाल्या, "ओ ताई, पोरगी लई चांगली हाय बरं! धपाटे तर काय केलेत म्हणता! फक्त आमच्याकडं जागा न्हाई."

"धपाटे मी न्हाई केले," सुनंदा पायरीवरून म्हणाली. "आत्यानं केलेत."

"मंग तुम्ही काय केलं?" हा प्रश्न त्या खऱ्या मुलानं विचारला होता.

"मीठ आणून दिलं."

झालं! त्या मुलानं चष्मा काढला आणि तोही हसायला लागला. एकदा हसला, थांबला, माझ्या साडीकडे पाहिलं, पुन्हा हसला. मग दोघांचं काहीतरी बोलणं चाललं, कॉलेज कुठं, दुसरं वर्ष कधी, असलं. मला धड ऐकू आलं नाही. माझं सगळं लक्ष त्याच्या आईकडे. ती माउली मात्र हसली नाही. ओठ घट्ट मिटून तिनं दोन्ही पिवळ्या पिशव्यांकडे पाहिलं, आपली कोणती ते ठरवलं आणि उचलली.

"चला," ती मुलाला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, मान ताठ ठेवून म्हणाली, "आम्ही सहज आल्तो."

गेले.

परतताना रिक्षात मी रडकुंडीला आले. पोरीनं विश्वासानं माझ्यावर काम सोपवलं आणि मी तिच्या डोळ्यांदेखत तिचं शिक्षण, तिचं घर, सगळं एका मकबऱ्यात पुरून आले. सुनंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आत्या, जाऊ दे गं. बाबाला काय सांगायचं ते मी सांगीन." असं म्हणाली आणि तोंड रिक्षाबाहेर काढून पुन्हा हसली.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता आणि थरथरत होता. मी दादाला पत्र लिहायला बसले. 'तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार' याच्या पुढं पेन हलेना. काय लिहू? स्थळाला त्याच्या लेकराबाळांची चौकशी केली, असं लिहू? कावेरीबाईंच्या दारावरून जायला नको म्हणून त्या दिवशी दूधसुद्धा मी मागच्या गल्लीनं आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावेरीबाई स्वतःच आल्या. मुलगी पसंत होती आणि तिला कोर्स पुरा करू द्यायला मुलाच्या आईची हरकत नव्हती. फक्त पुढची सगळी बोलणी मुलीच्या वडिलांशीच होतील आणि बैठकीला आत्याबाईंना आणू नये, असा निरोप होता.